मराठीत मन मोजताना: भाषांतर झाले, पडताळणीचे काय?

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातले डोंगरकडा हे हळद, केळी, सोयाबीन आणि कापूस पिकवणारे गाव. राज्यातल्या इतर गावांप्रमाणे इथेही आशाताईंना आजारांच्या प्राथमिक तपासणीचा 'सीबॅक' फॉर्म भरून घ्यावा लागतो. वयाची तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा हा फॉर्म भरायचा असतो. तंबाखू खाता का, दारू घेता का, कंबरेचा घेर किती, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, इथून सुरुवात होते. मग खोकला किती दिवसांचा आहे, अंगावर बधिर चट्टा आहे का, स्वयंपाक चुलीवर होतो की गॅसवर, हे विचारले जाते. आणि शेवटाकडे दोन प्रश्न येतात ते मनाचे. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटला नाही, असे किती वेळा झाले? उदास, निराश किंवा हताश किती वेळा वाटले? दोन्हींना शून्य ते तीन गुण.

हे दोन प्रश्न अमेरिकेत तयार झाले. कर्ट क्रोएन्के, रॉबर्ट स्पिट्झर आणि जॅनेट विल्यम्स यांनी २००१ मध्ये नैराश्य ओळखण्यासाठी 'पीएचक्यू-९' ही नऊ प्रश्नांची मापनश्रेणी प्रसिद्ध केली. तिचे पहिले दोन प्रश्न वेगळे काढून २००३ मध्ये 'पीएचक्यू-२' झाली. तीच आज मराठीत येऊन गावोगावच्या ओसरीवर विचारली जाते. त्यामुळे परभाषेत घडलेली मापनश्रेणी मराठी माणसाच्या भावना नीट मोजते का, हा प्रश्न आता विद्यापीठाच्या प्रयोगशाळेपुरता उरलेला नाही. कुणाला डॉक्टरकडे पाठवायचे आणि कुणाला नाही, हे त्यावर ठरते. भाषांतर हे या कामातले अर्धेच काम आहे. उरलेले अर्धे, म्हणजे पडताळणी, मराठीत कुठे झाली आणि कुठे राहिली, याचा हा आढावा.

नव्वद वर्षांपूर्वीची सुरुवात

मापनश्रेणी मराठीत आणण्याची परंपरा जुनी आहे, पण ती भावनांपासून नव्हे, बुद्धीपासून सुरू झाली. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी स्टॅनफर्ड-बिने बुद्धिमापन चाचणीचे कन्नड आणि मराठी भाषक मुलांसाठी रूपांतर केले. त्यावरचा त्यांचा लेख १९३४ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात आला आणि १९४० मध्ये भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचे त्यांचे पुस्तक निघाले. 'बिने-कामत' नावाने ही चाचणी पुढे अनेक दशके वापरात राहिली. कामतांच्या कामातला धडा आजही लागू आहे. त्यांनी प्रश्न फक्त भाषांतरित केले नाहीत. ते इथल्या मुलांना विचारले, कोणत्या वयाला कोणता प्रश्न झेपतो हे तपासले आणि त्याप्रमाणे मांडणी बदलली.

बुद्धीच्या प्रश्नाला निदान बरोबर-चूक असे उत्तर असते. भावनांचे तसे नाही. 'तुम्हाला उदास वाटते का?' याचे बरोबर उत्तर फक्त उत्तर देणाऱ्याकडे असते. त्याने प्रश्नाचा अर्थ वेगळा घेतला तर ते तपासायला उत्तरसूची नसते. म्हणून भावनांच्या मापनश्रेणीचे रूपांतर जास्त अवघड आहे.

पद्धत काय सांगते

पद्धत मात्र जगभर बरीचशी ठरलेली आहे. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये उलट-भाषांतराची रीत रूढ केली. एकाने इंग्रजीतून मराठीत आणायचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने मराठीतून परत इंग्रजीत न्यायचे आणि दोन्ही इंग्रजी पाठ ताडून पाहायचे. २००० मध्ये डॉर्कास बीटन आणि सहकाऱ्यांनी पुढचे टप्पे नीट बांधून दिले. दोन स्वतंत्र भाषांतरे, त्यांचा मेळ, उलट-भाषांतर, तज्ज्ञांची समिती आणि शेवटी तीस ते चाळीस जणांवर पूर्वचाचणी, असा हा क्रम आहे. आंतरराष्ट्रीय चाचणी आयोगाच्या रूपांतरविषयक मार्गदर्शक सूचनांची दुसरी आवृत्ती २०१७ मध्ये आली.

उलट-भाषांतराचा एक दोष मात्र ओळखून असावे. दोन्ही भाषांतरकार शहरी, शिकलेले आणि इंग्रजी जाणणारे असतात. 'नैराश्य', 'हताश', 'एकाग्रता' हे शब्द दोघांनाही पाठ असतात, त्यामुळे उलट-भाषांतर तंतोतंत जुळते. कागदावर काम शंभर टक्के यशस्वी होते आणि ज्या बाईला प्रश्न विचारायचा तिला तो कळतच नाही. पूर्वचाचणी म्हणूनच महत्त्वाची. तीत उत्तर विचारून भागत नाही. 'हा प्रश्न तुम्हाला काय विचारतो, तुमच्या शब्दांत सांगा', असे विचारावे लागते.

नऊ प्रश्न आणि एक गाव

'पीएचक्यू-९' ची मराठी आवृत्ती उपलब्ध आहे आणि ती वापरायला पैसे पडत नाहीत. तिचे काही प्रश्न मराठवाड्यातल्या गावाच्या नजरेने वाचून पाहू.

एक प्रश्न झोपेचा आहे: झोप न लागणे, मध्येच मोडणे किंवा फार झोप येणे. शेतीपंपाला तीन फेज वीज आळीपाळीने दिवसा आणि रात्री मिळते. रात्रीची पाळी असली की माणूस बॅटरी घेऊन हळदीला, केळीला पाणी द्यायला जातो. त्याची झोप आठवडाभर मोडते, ती महावितरणच्या वेळापत्रकाने. दुसरा प्रश्न थकव्याचा. सोयाबीन काढणीत किंवा हळद शिजवण्याच्या दिवसांत न थकलेला माणूस सापडणार नाही. तिसरा भुकेचा. श्रावणात, नवरात्रात उपासाच्या घरात त्याचे उत्तर वेगळे येईल. या तीन प्रश्नांना प्रत्येकी तीन गुण पडले की बेरीज नऊ होते आणि दहापासून मध्यम नैराश्याची पायरी सुरू होते. म्हणजे मन ठणठणीत असलेला, पण हंगामात राबणारा शेतकरी त्या उंबरठ्यापर्यंत सहज पोचतो.

मग हे शरीराचे प्रश्न काढून टाकावेत का? नाही. कारण आपल्याकडे मनाचे दुखणे सांगण्याची वाटही शरीरातूनच जाते. 'मी उदास आहे', असे डोंगरकड्याच्या बाजारात कुणी म्हणत नाही. 'झोप येईना', 'अन्न गोड लागंना', 'जीव कशातच लागंना', 'कसंतरीच व्हायलंय', असे म्हणतात. डोक्यात विचारांचे चक्र फिरते, छातीत धडधडते, हातापायातले बळ जाते. हे प्रश्न ठेवायचेच. मात्र पाहणी कोणत्या महिन्यात केली याची नोंद हवी, आणि झोप मोडते ती पाण्याच्या पाळीमुळे की पाळी नसतानाही, हा उपप्रश्न हवा.

एकाग्रतेच्या प्रश्नात मूळ उदाहरण वर्तमानपत्र वाचण्याचे किंवा टीव्ही पाहण्याचे आहे. अक्षरओळख नसलेल्या आजीला पेपरचे उदाहरण देऊन काय कळणार? तिथे कीर्तन ऐकताना लक्ष लागते का, मजुरीचा हिशोब करताना चुकते का, असे काही चालेल. पण उदाहरण बदलले की प्रश्न सोपा किंवा अवघड झाला का, हे पुन्हा तपासावे लागते. कामतांनी केले तेच.

उत्तरांचे पर्यायही असेच अडतात. 'अजिबात नाही', 'काही दिवस', 'निम्म्याहून जास्त दिवस', 'जवळजवळ रोज' ही चढती श्रेणी आहे. रेन्सिस लायकर्टने १९३२ मध्ये अशा श्रेणींची पद्धत दिली तेव्हापासून ती मानसशास्त्राचा कणा आहे. पण 'कधीमधी व्हतं की' या उत्तराला गुण किती? 'गेले दोन आठवडे' म्हणण्यापेक्षा 'मागच्या-मागच्या बाजारापासून' म्हटले तर काळ लगेच डोळ्यांपुढे येतो. चौदा खडे पुढ्यात ठेवून 'यातले किती दिवस?' असे विचारले तर निम्म्याहून जास्त म्हणजे काय हे समजावत बसावे लागत नाही.

सगळ्यात नाजूक प्रश्न नववा: मरण आले तर बरे किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार येतात का? मराठीत 'यापरीस मेलेलं बरं' हे वाक्य वैतागूनही म्हटले जाते, आणि खरोखर टोकाला आलेला माणूसही तेच म्हणतो. प्रश्न विचारताना शेजारी सासू किंवा नवरा बसलेला असेल तर उत्तर 'नाही' येणार हे ठरलेलेच. म्हणून भाषांतर कितीही चांगले असले तरी हा प्रश्न एकांतात विचारायची सोय आणि 'हो' आले तर पुढे काय करायचे याचे प्रशिक्षण नसेल तर त्याचा उपयोग नाही. 'हो' म्हणणारा प्रत्येक जण जीव द्यायला निघालेला नसतो, पण एकाही 'हो'कडे दुर्लक्ष करून चालत नाही. मदतीसाठी १४४१६ हा 'टेली-मानस'चा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे.

भावनांच्या यादीचे कोडे

नैराश्याची श्रेणी निदान आजाराभोवती फिरते. निव्वळ भावना मोजणाऱ्या श्रेणींचे कोडे आणखी वेगळे आहे. त्यातली सर्वांत वापरली जाणारी 'पॅनास'. डेव्हिड वॉटसन, ली ॲना क्लार्क आणि ऑक टेलेजेन यांनी ती १९८८ मध्ये दिली. दहा सुखद आणि दहा दुःखद, असे वीस शब्द. प्रत्येक शब्दापुढे एक ते पाच गुण.

यात घाबरण्याच्या जवळ जाणारे चार शब्द आहेत. मराठीत त्यांना घाबरलेला, भ्यालेला, धास्तावलेला, बेचैन असे शब्द देता येतील, पण उत्तर देणाऱ्याला त्यातले दोन-तीन एकच वाटतात. अभिमान या भावनेला मूळ श्रेणीत सुखद गटात जागा आहे. तिथे 'गर्व' लिहिले तर मराठी माणूस तो दुर्गुण मानून एका गुणाकडे जाईल. 'अभिमान' लिहिले तर ठीक, पण वारकरी घरात वाढलेल्या आजोबांना अभिमानही टाकून द्यायचाच शिकवलेला असतो. नाट्यशास्त्रात रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा आणि विस्मय असे आठ स्थायीभाव आणि तेहतीस व्यभिचारी भाव मांडले आहेत. ती मांडणी रंगभूमीसाठी आहे, रुग्णालयासाठी नाही, तेव्हा तिची प्रश्नावली करण्याचा मोह टाळलेला बरा. पण भावनांची यादी करण्याची एकच रीत नसते, एवढे ती दाखवून देते.

समानार्थी शब्दांचा एक आकडेशास्त्रीय धोकाही आहे. श्रेणीतले प्रश्न एकमेकांशी किती सुसंगत आहेत हे ली क्रॉनबाख यांच्या 'अल्फा' गुणांकाने मोजतात. तो ०.७० च्या वर गेला की प्रबंधात 'श्रेणी विश्वसनीय आहे' असे लिहून पुढे जायची प्रथा आहे. पण एकच प्रश्न दोन तऱ्हांनी विचारला तरी अल्फा वर जातो. शिवाय विश्वसनीय म्हणजे अचूक नव्हे. मोंढ्यातला काटा प्रत्येक पोत्याला नेमके दोन किलो कमी दाखवत असेल तर तो पूर्ण विश्वसनीय आहे, आणि तरीही शेतकऱ्याला लुटतोच आहे.

रेषा कुठे ओढायची

श्रेणीत काट्यासारखा असा दोष आहे का, हे कळते ते तिचे गुण आणि तज्ज्ञाने मुलाखत घेऊन केलेले निदान शेजारी ठेवल्यावर. असे काम गोव्यात झाले. प्रसूतीनंतरच्या नैराश्यासाठीची 'एडिनबरो' श्रेणी १९८७ ची, दहा प्रश्नांची. मूळ ब्रिटिश अभ्यासात संभाव्य नैराश्याची रेषा १२ आणि १३ गुणांच्या मध्ये होती. गोव्यात ती ११ आणि १२ च्या मध्ये ओढावी लागली. विक्रम पटेल, मेर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाळंतिणींपैकी सुमारे २३ टक्के जणींना सहा-आठ आठवड्यांनी नैराश्य असल्याचे दिसले. मुलाची आस असताना मुलगी होणे हे त्यातले एक कारण होते. रेषा जुनीच ठेवली असती तर त्यातल्या काही जणी नजरेतून सुटल्या असत्या.

पटेल आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये गोव्याच्या प्राथमिक आरोग्य सेवेत आलेल्या ५९८ जणांवर मानसिक त्रास ओळखणाऱ्या पाच प्रश्नावल्या शेजारी ठेवून तपासल्या. पाचही कामाच्या निघाल्या, त्यात 'जीएचक्यू-१२' आणि 'एसआरक्यू-२०' सरस ठरल्या. कोणती श्रेणी निवडायची याचा निर्णय असा पुराव्याने व्हावा.

आता सीबॅक फॉर्मकडे परत पाहा. 'पीएचक्यू-२' च्या मूळ अभ्यासात तीन किंवा अधिक गुण आले की पुढे तपासायचे, असे सुचवले होते. सीबॅक फॉर्मवर सूचना आहे ती तीनपेक्षा जास्त गुण आले तर पाठवा, अशी. फरक एकाच गुणाचा. पण नेमके तीन गुण मिळालेला माणूस एका नियमाने आरोग्य केंद्रात जातो आणि दुसऱ्या नियमाने घरीच राहतो. ही रेषा मराठी भाषकांसाठी कुठे असावी, हे मराठी भाषकांवर तपासूनच ठरवायला हवे.

मराठीत पडताळणी झालीच नाही असे नव्हे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात कर्करोग रुग्णांच्या जीवनमानाची तीस प्रश्नांची युरोपीय प्रश्नावली, तिच्या डोके-मान कर्करोगाच्या पुरवणीसह, हिंदी आणि मराठीत २०० रुग्णांवर तपासली गेली. तो अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या तीस प्रश्नांपैकी चार भावनांचे आहेत: ताण, काळजी, चिडचिड आणि उदासी. शिस्तीने केले तर मराठीत हे काम होते, याचा हा दाखला.

उलट दिशेने: आधी माणूस, मग प्रश्न

आतापर्यंतचा मार्ग बाहेरून आत येणारा होता. दुसरा मार्ग आतून निघतो. आधी लोक आपले दुखणे कोणत्या शब्दांत सांगतात ते ऐकायचे, मग प्रश्न बांधायचे. झिंबाब्वेत १९९७ मध्ये शोना भाषेतली चौदा प्रश्नांची श्रेणी अशी तयार झाली. 'फार विचार करणे' हे तिथल्या लोकांचे स्वतःचे दुखणे तिच्यात आले.

महाराष्ट्रातही या वाटेने महत्त्वाचे काम झाले आहे. मिचेल वाइस आणि सहकाऱ्यांनी मुंबईत कुष्ठरोग आणि मानसिक आरोग्याच्या अभ्यासातून 'ईएमआयसी' ही मुलाखतपद्धती घडवली आणि १९९२ मध्ये ती मांडली. तुम्हाला काय होते, का होते असे वाटते, लोकांपासून काय लपवता, कुणाकडे मदत मागितली, हे ती रुग्णाच्याच शब्दांत नोंदवते. पुढे पुण्यात डॉ. वासुदेव परळीकर यांच्या गटाने हीच पद्धत वापरून दीर्घ थकवा आणि अशक्तपणाच्या तक्रारींचा अभ्यास केला. मनोविकार, मेडिसिन, त्वचारोग आणि आयुर्वेद अशा चार बाह्यरुग्ण विभागांतले ३५२ रुग्ण त्यात होते. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच तक्रारी घेऊन माणूस कोणत्या दारात जातो यावर त्याला कोणते निदान मिळते ते ठरते, हे अशा अभ्यासांतून समजते.

दोन्ही मार्गांचे फायदे-तोटे आहेत. बाहेरून आलेली श्रेणी असेल तर अमरावतीचे आकडे अंकाराशी ताडून पाहता येतात. आतून बांधलेली श्रेणी गावाला नेमकी लागू पडते, पण गावाबाहेर तिची तुलना होत नाही. शहाणपण दोन्ही जोडण्यात आहे. श्रेणी जगन्मान्य ठेवावी आणि तिच्याबरोबर स्थानिक बोलीतल्या तक्रारींचे चार-पाच जादा प्रश्न ठेवून दोन्हींचा मेळ तपासावा.

उपयोग होतो, म्हणूनच नीट करायचे

एवढ्या त्रुटी आहेत तर या श्रेणी सोडूनच द्याव्यात का? विदर्भातला अनुभव उलट सांगतो. 'विश्राम' हा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत राबवला गेला. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त मांडले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत मिळवणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. मोजमाप नसते तर हा बदल दिसला नसता आणि असे काम वाढवा, असे सरकारला सांगायला पुरावाही उरला नसता.

राज्य सरकारने शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५ मध्ये चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. मराठवाड्यातले हिंगोलीसह आठही जिल्हे त्यात आले. दुसरीकडे, २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणासाठी निवडलेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे शेतकऱ्यांच्या मनाची ज्या राज्याला सर्वांत जास्त काळजी वाहावी लागते, त्याच राज्याचे त्या सर्वेक्षणातले आकडे आपल्याकडे नाहीत. अशा वेळी मराठी श्रेणींची पडताळणी मागे पडणे आणखी महाग पडते.

तुर्कस्तानाकडून घ्यावे असे

या बाबतीत तुर्की भाषेचा नमुना पाहण्याजोगा आहे. तिथे भावनांच्या श्रेणी आल्या की त्यांच्या पडताळणीचा लेख तुर्कीत प्रसिद्ध करण्याची रीत पडली. चिंतेची स्पीलबर्गर श्रेणी नेजला ओनेर आणि ले कॉम्प्ट यांनी १९८३ मध्ये आणली, नैराश्याची बेक श्रेणी नेसरिन हिसली यांनी १९८० च्या दशकाअखेर, आणि 'पॅनास' तुलिन गेन्चोझ यांनी २००० मध्ये. १९९४ मध्ये ओनेर यांनी तुर्कस्तानात वापरल्या जाणाऱ्या मानसशास्त्रीय चाचण्यांचा संदर्भग्रंथच प्रसिद्ध केला. कोणती श्रेणी कोणी, कोणत्या लोकांवर तपासली हे विद्यार्थ्याला एका ठिकाणी मिळू लागले.

मराठीत असा ग्रंथ हवा आहे. दिल्लीत एनसीईआरटीकडे चाचण्यांचे राष्ट्रीय ग्रंथालय आहे, पण मराठीचा वेगळा, खुला संग्रह असायला हवा. आज एम.ए.चा विद्यार्थी आग्र्याहून छापून आलेली हिंदी चाचणी घेतो किंवा मार्गदर्शकाकडची झेरॉक्स आणतो, मराठी करतो, शंभर जणांकडून भरून घेतो आणि अल्फा काढून मोकळा होतो. पुढच्या वर्षीचा विद्यार्थी तेच काम पुन्हा पहिल्यापासून करतो.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात. 'पीएचक्यू-९' ची या चार जिल्ह्यांच्या बोलीतली पडताळणी हा एका विभागाला दोन वर्षांत झेपणारा प्रकल्प आहे. त्यासाठी जिल्हा रुग्णालयांतले मानसोपचारतज्ज्ञ, गावातल्या आशाताई आणि पाच-सहाशे कुटुंबे हवीत. आशाताईंना यात फक्त फॉर्म भरणाऱ्या म्हणून घेऊ नये. कोणता प्रश्न विचारला की बाई गप्प होते, कोणता शब्द बदलला की बोलू लागते, हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नाही. आरोग्य विभागाने त्यांच्या या नोंदी मागवाव्यात, विद्यापीठाने त्या तपासाव्यात, आणि तयार झालेली श्रेणी तिच्या गुणदोषांसह, ती कोणावर तपासली ते लिहून, सर्वांसाठी खुली ठेवावी. तोपर्यंत मराठीतून मोजलेल्या मनाचा कोणताही आकडा वाचताना वाचकाने एक प्रश्न जरूर विचारावा: हा मापदंड कोणावर तपासला होता?